मीठ बघ गो

दुपारचे बारा वाजले आणि समाजमंदिरावरचा भोंगा खाकरला. खाकरणं यंत्राचं होतं. त्यामागून आलेला आवाज मात्र सुगंधाबाय मोकलचा होता.

"आज पानी उधानाचं. चिंता नाय."

खुद्द सुगंधाबाय तेव्हा ओटीवर बसून तांदळातले खडे वेचत होती. सहा वर्षांपूर्वी हा भोंगा नवा होता, तेव्हा आपलाच आवाज गावभर फिरताना ऐकून ती लाजून पदर तोंडाला लावायची. आता तिला त्याचं काही वाटत नसे. बाराचा भोंगा झाला की ती चुलीवर भाताचं आधण ठेवायची, इतकंच.

आज आधण राहिलं. मालतीबाय ठाकूर तरातरा अंगणात आली आणि डोक्यावरची पाटी तिने ओटीवर उपडी केली. पाटीत तिसऱ्या होत्या, खाडीच्या चिखलातून पहाटेच्या ओहोटीला काढलेल्या शिंपल्या. सगळ्या आ वासलेल्या. तिसरी जिवंत असली की हात लागताच तोंड मिटते, हे खारमाचीतल्या पोरांना बाराखडीच्या आधी कळतं. वास असा की सुगंधाबायच्या मांजरानेही लांबूनच बघितलं.

"उधानाचं म्हने!" मालतीबाय कडाडली. "बघ गो सुगंधे, तुझं उधान बघ. सगला पट्टा मेलाय. चिंबोऱ्या तर कवाच्या गेल्या. भोंगा रोज बोलतंय चिंता नाय, चिंता नाय. तू चल माझ्याबरोबर. एक घोट चाख नि सांग. यंत्राची जीभ राहू दे, तुझी ती खरी जीभ."

"आता मिश्री लावलीय," सुगंधाबाय म्हणाली. "तोंड बधिर हाय. उद्या बघू."

मिश्री सोडून तिला चार वर्षं झाली होती.

खारमाची हे रायगडच्या किनाऱ्यावरचं मिठागरांचं गाव. मीठ करणं हे दिसायला सोपं काम आहे: खाडीचं पाणी एका खणातून दुसऱ्या खणात घ्यायचं, उन्हाने आटवायचं, आणि योग्य वेळी शेवटच्या खणात सोडायचं. सगळी गोम त्या योग्य वेळेत आहे. लवकर सोडलं तर मीठ धरत नाही, उशीर झाला तर मीठ कडू होतं. ती वेळ सुगंधाबायचा बाप जिभेने सांगायचा आणि बापामागून सुगंधाबाय सांगू लागली. पाच मिठागरांवरून तिला बोलावणी येत. बोट पाण्यात बुडवायचं, जिभेच्या टोकाला लावायचं, डोळे मिटायचे आणि बोलायचं. पाण्याचे तिचे स्वतःचे प्रकार होते. गोडं. मचूल, म्हणजे जेमतेम खारं. आसवांचं. उधानाचं, म्हणजे भर समुद्राचं. त्यावरचं तापलेलं. आणि सगळ्यात शेवटी, ज्यात किडाही जगत नाही, ते मेलं पानी.

दोन हजार चौतीस साली किनाऱ्यावर सागरजल प्रकल्प आला तेव्हा गाव दोन महिने भांडलं. समुद्राचं पाणी गोडं करायचं आणि नळातून घाट चढवून थेट माणदेशातल्या एकशेबारा गावांना पाजायचं, असा तो बेत होता. समुद्राचं पाणी गोडं करणं यात तेव्हाही काही नवल राहिलं नव्हतं. खारं पाणी जोराने एका पातळ पडद्यावर दाबायचं. पाणी पलीकडे जातं, मीठ अलीकडे राहतं. पण जितकं पाणी काढून घ्याल तितकं मागे उरलेलं आणखी खारट होतं, आणि त्यातून पुढचा थेंब पिळायला आणखी जोर लागतो. म्हणून जुने प्रकल्प दोन हंड्यांतून कसाबसा एक हंडा काढून थांबत. इथला पडदा नवा होता. खाडीकाठचं तिवर खाऱ्या चिखलात उभं राहून मुळांशीच बहुतेक मीठ अडवतं. त्याच धर्तीवर इतकी अरुंद छिद्रं या पडद्याला होती की चार हंडे समुद्रातून तीन हंडे गोडं पाणी निघे, तेही उन्हाच्या विजेवर. उरलेल्या एका हंड्यात चारही हंड्यांचं मीठ. गावाने त्याला नाव दिलं जाड पाणी.

हे जाड पाणी जाणार कुठे, यावर सगळं अडलं होतं. तोडगा असा निघाला: उन्हाळ्यात ते मिठागरांना द्यायचं, कारण चौपट खारट पाणी म्हणजे मीठवाल्यांना आयतं ताट. बाकीच्या वेळी त्यात तिप्पट समुद्राचं पाणी मिसळायचं आणि मगच बायच्या डोहात सोडायचं. हा डोह म्हणजे खाडीच्या मध्यावरचा खोल खड्डा. आणि मिसळतात की नाही हे गावाला रोज कळायला हवं.

ते कळवायची युक्ती हर्षालीची. हर्षाली ही सुगंधाबायच्या भावाची मुलगी. आई बाळंतपणात गेली, बाप बोटीवर कामाला गेला तो तिकडचाच झाला, आणि पोर आतेच्या पदराखाली वाढली. शिकून रसायनतज्ज्ञ झाली आणि प्रकल्पातच नोकरीला लागली. तिने मुठीएवढं यंत्र आणलं. त्यात चार धातूंच्या तारा होत्या. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी वीज त्यातून सहज वाहते, आणि कुठला क्षार किती, त्यावर प्रत्येक तारेचं उत्तर वेगळं येतं. यंत्राला आकडे येत होते. पण आकड्यांवर खारमाचीचा विश्वास नव्हता, आणि का असावा? आकडे कंपनीचे.

"आते, आकडे नको. तुझे शब्द त्याला शिकवू," हर्षाली म्हणाली होती.

मग एक हिवाळाभर दोघी होडीतून खाडीत फिरल्या. हर्षाली बाटली भरायची, यंत्र त्यात बुडवायची, आते चाखायची आणि शब्द बोलायची. पहिल्या दिवशी हर्षालीने होडीतून वाकून वरच्यावर बाटली भरली तेव्हा आतेने तिच्या हातावर चापट मारली.

"वरचं पानी म्हंजे पाहुन्यासमोरचं पानी गो. घर कसं हाय बघायचं तर तल बघ. खारं जड असतं, खाली बसतं. गोडं हलकं, वर मिरवतं."

हर्षालीने ते वहीत लिहून घेतलं. चाळीस बाटल्या झाल्या. शेवटी आतेच्या आवाजात सगळे शब्द भरून घेतले. "मेलं पानी, कोनी उतरू नका," हे म्हणताना सुगंधाबायला हसू आवरेना, आणि चार वेळा पुन्हा म्हणावं लागलं.

मग पुढच्याच वर्षी ताप आला. साथीचा ताप, गावात अर्ध्या घरांत होता. सगळे उठले, सुगंधाबायही उठली. तिची चव मात्र उठली नाही. मीठ, साखर, मिरची, सगळं चिखलासारखं लागू लागलं. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. आली नाही. तिने हे एकट्या हर्षालीला सांगितलं, तिच्या गळ्यात पडून रडत सांगितलं, कारण जीभ गेलेली सुगंधाबाय म्हणजे गावात कोण? कुणीच नाही.

"कोनाला बोलू नको गो."

"नाय बोलनार, आते. तुझी जीभ मी जपून ठेवलीय ना यंत्रान? चालीस बाटल्या हायत. मंग?"

आणि महिन्याभराने ग्रामसभा भरली. देशावरचे लोक शपथेला बेलभंडारा उचलतात. खारमाचीत मीठ उचलतात. सुगंधाबायने मूठभर मीठ उचलून सांगितलं, "यंत्राची जीभ ती माझी जीभ. ती बोलेल तां मी बोलले." गावाने मान डोलावली. जीभ साखळीला बांधून बायच्या डोहाच्या तळाशी सोडली. भोंगा सुरू झाला.

त्या दिवसापासून घरात एक रीत पडली. रोज संध्याकाळी कालवण शिजलं की आते पळीभर रस हर्षालीच्या तळव्यावर ओतायची आणि म्हणायची, "मीठ बघ गो." हर्षाली चाटून सांगायची, चिमूटभर कमी, किंवा बरोबर. गावात लग्नाकार्याच्या जेवणाचं मीठ बघायला सुगंधाबायला बोलावलं की हर्षाली बरोबर जायची आणि आतेचा हात हळूच दाबायची. एकदा दाबला तर मीठ घाला, दोनदा दाबला तर पुरे. सहा वर्षं ही नाटकं चालली आणि कुणाला सुगावा लागला नाही.

मालतीबायच्या तिसऱ्या ओटीवरून झाडून टाकल्या तरी वास गेला नाही. सुगंधाबायला वास येत नव्हताच, तापाने चवीबरोबर तोही नेला होता. तिने माश्यांवरून ओळखलं. सारी दुपार तिने विचार केला. जीभ नाही, मग बघायचं कशाने? आणि तिला बाप आठवला. तापाने जीभ बिघडली की बाप खणात कोंबडीचं ताजं अंडं सोडायचा. समुद्राच्या पाण्यात अंडं बुडतं. पाणी पुरतं जाड झालं की अंड्यापेक्षा जड होतं, आणि अंडं तरंगतं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती मालतीबायच्या होडीत बसली. पदरात सकाळचं अंडं, बारीक जाळीत बांधून जाळीला लांब दोरा. मालतीबाय वल्ही मारत होती आणि तिला वाटत होतं सुगंधेला वेड लागलंय.

आधी डोहापासून लांब, खाडीच्या तोंडाशी सुगंधाबायने अंडं सोडलं. दोरा बोटांतून सरसर गेला आणि अंडं तळाला टेकलं. बरोबर. मग दोघी डोहावर आल्या. तिथे खांबाजवळ एक पिवळा डबा तरंगत होता आणि डब्याखाली हातभर खोलीवर जीभ लोंबत होती. तळाला जाणारी साखळी खांबाला गुंडाळून ठेवलेली होती आणि तिच्यावर शिंपल्यांची पुटं चढली होती. एका हंगामात इतकी पुटं चढत नाहीत, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तिने अंडं सोडलं. दोरा एक वाव, म्हणजे दोन्ही हात पसरले इतका, गेला. दोन वाव गेला. आणि बोटांत ढिला पडला. तिने आणखी दोरा दिला, तो पाण्यावर वेटोळं घालून पडला. अंडं खाली जाईना. मग तिने त्याच जागी जाळ्याचं शिसं सोडलं. ते चार वाव जाऊन तळाला लागलं. वर दोन वाव खाडी आणि खाली दोन वाव दुसरंच काहीतरी, अंडं उचलून धरणारं. तेच भरतीच्या पाण्याबरोबर काठाकाठाने तिसऱ्यांच्या चिखलावर पसरत असणार.

"कं झालं?" मालतीबायने विचारलं. सुगंधाबाय दोरा गुंडाळू लागली. वरचं पानी म्हंजे पाहुन्यासमोरचं पानी. हे वाक्य जगात दोनच माणसांना ठाऊक होतं.

"मना एक दिवस दे," ती शेवटी म्हणाली. "हर्षालीशी बोलते."

संध्याकाळी सहाला हर्षाली आली. कंपनीचं ओळखपत्र तिने खुंटीला अडकवलं आणि सवयीने चुलीपाशी येऊन तळवा पुढे केला. आतेने रस ओतला.

"चिमूटभर कमी."

आतेने मीठ घातलं, ढवळलं, झाकण ठेवलं. मग म्हणाली, "बायच्या डोहान अंडं तरंगतंय."

हर्षालीचा तळवा मिटला. "कोनी बघलं?"

तिने कसं काय असं विचारलं नाही, खरं का असंही विचारलं नाही. कोनी बघलं, हेच पहिलं विचारलं. तोवर सुगंधाबायला आशा होती की पोरीला माहीत नसेल.

"किती दिवस झाले?"

"दोन वर्सं." हर्षाली खाली बसली. "आते, ऐक. तिकडं तिसरा दुष्काल हाय. पानी दुप्पट काढायला सांगलं. जाड पानी दुप्पट झालं, मिठागरं किती घेनार? मिसलायच्या पंपांची वीज व्हती, ती घाट चढवायच्या पंपांना दिली."

"आनि जीभ?"

"जीभ खोटं बोलत नाय. जिथं हाय तिथलं खरं सांगते."

"माझ्या आवाजान सांगते."

हर्षाली भडाभडा बोलू लागली. "मी गेलते तिकडं. एक बाई नल सोडून नुसता हात धरून उभी व्हती. भांडं लावलं नव्हतं. नुसता हात. मना बोलली, बंद करू नका ताई. काय सांगू मी तिला? खाडी एक हाय, आते. गावं एकशेबारा हायत."

"मंग मना इचारलं का नायस?"

"तू नाय म्हटलं असतंस."

"म्हटलं असतं. नायतर गाव जमवून आठ दिवस भांडलो असतो नि मंग हो म्हटलं असतं. तां आमचं व्हतं गो. तू माझं तोंड उचलून नेलंस नि पाहुन्यासमोर टांगलंस." तिचा आवाज फाटला. "मना चव नाय हां तुला ठाऊक व्हतं. मी कवा चाखून बघनार नाय, हां तुला ठाऊक व्हतं. म्हनून जमलं तुला."

हर्षाली रडली. मनापासून रडली, यात शंका नाही. रडणारी माणसं खोटी असतात असं थोडंच आहे? आठ दिवस दे, ती म्हणाली, साहेबांना सांगून जीभ तळाला सोडवते, मिसळायचे पंप चालू करवते.

"मीठ उचल," आते म्हणाली.

हर्षालीने बरणीत हात घालून मूठभर मीठ उचललं आणि शब्द दिला. आतेने तिला जेवायला वाढलं. सकाळी उठून मालतीबायकडे गेली आणि आठ दिवस थांब म्हणून तिच्या विनवण्या केल्या.

मालतीबाय थांबली, पण तिच्या नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही. चहाच्या टपरीवर अंड्याची गोष्ट निघाली, आणि ती वल्ह्याशिवाय प्रकल्पाच्या फाटकापर्यंत पोचली. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला कंपनीने सरपंचाकडून ग्रामसभा बोलावली.

समाजमंदिर भरलं होतं. सरपंच प्रवीण घरत मध्ये बसला होता, शेजारी प्रकल्पाचे व्यवस्थापक. त्यांनी चार शब्द बोलून ध्वनिक्षेपक हर्षालीकडे दिला. सुगंधाबाय पुढच्या रांगेत बसली होती. तिला वाटलं, पोरगी आज जीभ खाली सोडायचं जाहीर करणार. तिने मालतीबायला कोपराने ढोसलंसुद्धा.

हर्षाली शाळेतल्या मराठीत बोलली. "ग्रामस्थहो, खाडीबद्दल काही अफवा पसरवल्या जात आहेत, आणि त्यात माझ्या आतेचं नाव घेतलं जात आहे. मला हे सांगताना दुःख होतं. सहा वर्षांपूर्वीच्या तापापासून आतेच्या जिभेला चव नाही. तिला गोडं-खारं काहीच कळत नाही. तिचा मान राहावा म्हणून मी आजवर गप्प होते. तेव्हा कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. यंत्रावर विश्वास ठेवा."

तिने एकदाही पुढच्या रांगेकडे बघितलं नाही.

मग मागून एक बाई ओरडली, "म्हनजे माझ्या पोरीच्या हलदीला वरन खारट झालं व्हतं तां..." आणि सगळी सभा हसली. सुगंधाबाय त्या हशात बसून राहिली. लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा दुसरंच काहीतरी वाटत होतं. ज्या पोरीच्या गळ्यात पडून ती रडली होती, त्याच गळ्यातून हे शब्द निघाले होते. परवा मीठ उचललेला हात आज ध्वनिक्षेपक धरून होता.

ती उठली.

"खरं हाय," ती म्हणाली. हसू थांबलं. "जीभ मेलीय माझी. गावासमोर मीठ उचललं तवाच मेलेली व्हती. तां मी लपवलं, तां माझं पाप. तुम्ही काय शिक्षा कराल ती करा. पन अंड्याला जीभ लागत नाय. परविन, ऊठ. ओहोटी हाय. तुझ्या हातान दोरा धर."

व्यवस्थापक म्हणाले, ही काय शास्त्रीय पद्धत आहे का? प्रवीण घरत मिठागरवाल्याचाच नातू होता. तो म्हणाला, "साहेब, आमचे आजे याच पद्धतीवर जगले," आणि चपला घालून निघाला. सगळं गाव काठावर आलं. तीन होड्या निघाल्या. व्यवस्थापक काठावरच राहिले. हर्षालीला मात्र सरपंचाने आपल्या होडीत बसवलं, कारण पिवळ्या डब्याच्या कुलुपाची किल्ली तिच्याकडे होती.

खाडीच्या तोंडाशी अंडं तळाला गेलं. डोहावर दोन वावांवर थांबलं. सरपंचाने तीनदा करून बघितलं. तिसऱ्या वेळी त्याने दोरा सोडूनच दिला आणि त्या वेटोळ्याकडे बघत राहिला.

"जीभ खाली सोड," तो हर्षालीला म्हणाला.

तिने किल्ली काढली. कुलूप गंजलं होतं, दोनदा अडलं. सुगंधाबाय समोरच्या होडीत बसून बघत होती. तिच्या मनात एक वेडी आशा अजूनही होती की पोर मान वर करील आणि एकदा तरी बघेल. हर्षालीने जीभ साखळीला बांधली आणि साखळी सोडली. पाण्याखाली जाताना साखळीचा आवाज झाला, मग तोही थांबला.

बाराला थोडाच वेळ होता. मग काठावरून भोंगा खाकरला. आवाज सुगंधाबायचाच होता, पण सात वर्षांनी लहान, आणि हसू दाबताना थोडा हललेला.

"मेलं पानी. कोनी उतरू नका."

हे शब्द भरून घेतले त्या दिवशी होडीच्या टोकाला बसून तिला हसताना जिने धरून ठेवलं होतं, ती हर्षाली समोरच्या होडीत तोंड झाकून बसली होती. सुगंधाबायने स्वतःच वल्हं उचललं आणि होडी काठाकडे वळवली.

पुढचं सगळं पटापट झालं. तपासणीची माणसं आली, प्रकल्पाचं उत्पादन निम्म्यावर आलं, मिसळायचे पंप सुरू झाले. माणदेशात रोज येणारं पाणी दिवसाआड येऊ लागलं. तिकडच्या रांगांची चित्रं मोबाइलवर आली. सुगंधाबायने ती बघितली आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. नळाखाली हात धरून उभी असलेली बाई तिने पाहिलेली नव्हती, तरी तिला ती दिसत होती. तिनेच ग्रामसभेत उठून सांगितलं की पावसाळ्यातही जाड पाणी साठवायला दोन पडीक मिठागरं मोफत द्यावीत, म्हणजे घाटावरचं पाणी पुन्हा वाढवता येईल. मालतीबाय धरून चार जणींनी कुरकुर केली, आणि शेवटी ठराव झाला. आठ दिवस भांडून झाला. भोंग्यावरचा आवाज मात्र तिने बदलायला लावला. आता तिथे मालतीबाय बोलते, आणि ती बोलत नाही, ओरडते.

हर्षाली सभेपासून प्रकल्पाच्या वसाहतीत राहत होती. तिची बदली घाटावरच्या पंपघरात झाली. तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी ती कपडे आणि पुस्तकं न्यायला आली. अंगणात बराच वेळ उभी राहिली, मग आत आली. आतेने ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. चुलीवर बोंबलाचं कालवण उकळत होतं.

हर्षालीने पेटी भरली. "निघते, आते," ती म्हणाली.

"जेवून जा."

इतकं बोलून आतेने सवयीने पळी कालवणात बुडवली आणि पुढे केली. हर्षालीनेही सवयीने तळवा पसरला. दोघींच्या हे ध्यानात आलं तेव्हा रस ओतून झाला होता. हर्षालीने तो चाटला. तिचे डोळे भरले होते.

"बरोबर हाय, आते," ती म्हणाली. "मीठ अगदी बरोबर हाय."

सुगंधाबाय पळी हातात धरून उभी राहिली. बरोबर असेलही. पोर कालवणाच्या मिठाबद्दल कशाला खोटं बोलेल? सहा वर्षांत कधी बोलली नव्हती. की बोलली होती? वरण खारट झालं होतं ते हळदीचं जेवण तिला आठवलं. हात एकदा दाबला होता की दोनदा? तिने कालवणाकडे बघितलं, पोरीच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिला काही कळेना. यासाठी कुठलं अंडं नव्हतं.

तिने पळी खाली ठेवली आणि खिडकीशी जाऊन कुंपणापलीकडे हाक मारली.

"मालते, ए मालते! जरा येऊन मीठ बघून जा गो."